विषय : गाडी चढावर न ओढणेबाबत

दिल्ली सपाट आहे असं ज्या कुणी पहिल्यांदा सांगितलं ना, त्यानं आमचं फार मोठं नुकसान केलंय. कोण होता मला माहीत नाही. भूगोलाची पुस्तकं लिहिणारा असेल, गाड्या विकणारा असेल, पण तो माणूस आयुष्यात एकदाही फरीदाबादच्या मागच्या बाजूला, दगडखाणींकडे गेलेला नाही, हे मी लिहून देते. सपाट म्हणे. अहो, तिथं अरवली आहे. म्हातारी आहे, झिजलेली आहे, रोज सुरुंग लावून तिला थोडी थोडी ट्रकमध्ये भरून नेतात, पण आहे... आणि तुम्हाला सांगते, जेवढी उरली आहे तेवढीसुद्धा आमच्या गाडीला झेपत नव्हती.

म्हणजे सपाटीवर गाडी एकदम सज्जन. दर चौदा जानेवारीला बाबा आम्हाला पानिपतला न्यायचे, काला अंबच्या युद्धस्मारकाला फुलं वाहायला. जाताना चाळीसचा वेग, येताना चाळीसचा वेग, ट्रॅक्टरवाले आम्हाला मागे टाकताना आपुलकीनं हात हलवायचे, पण गाडीनं कधी कुरकुर केली नाही. चढ दिसला की मात्र हिचा स्वभावच बदलायचा. रेल्वेच्या पुलावर सायकलरिक्षावाला मागून घंटी वाजवायचा, 'चलो मॅडम, चलो', आणि त्याच्या रिक्षात दोन बायका आणि एक गव्हाचं पोतं असायचं. खाणीच्या चढाचं तर विचारूच नका. दुसऱ्या गिअरमध्ये हुंदका, पहिल्या गिअरमध्ये रडणं, तिसऱ्या वळणावर एकदम अबोला. पाय पूर्ण दाबलेला, ॲक्सिलरेटर खाली टेकलेला, आणि गाडी म्हणणार, नाही.

तुम्ही म्हणाल, कशाला जायचं मग खाणीत? हे मला सगळ्यांनी विचारलं. एम.ए. झालीस, मंत्रालयातली नोकरी समोर होती, खाणीत काय ठेवलंय? मुलं ठेवली आहेत, दुसरं काय. राजस्थानातून, बुंदेलखंडातून आलेल्या दगड फोडणाऱ्यांची मुलं. वरच्या वस्तीत पत्र्याची एक खोली मिळाली, तिथं मी आणि माझी मैत्रीण लतिकानं शाळा सुरू केली. शाळा म्हणजे काय, एक फळा, दोन सतरंज्या, अठ्ठावीस मुलं आणि धूळ. पण माझ्या आयुष्यात मी केलेली ती एकच गोष्ट होती जी मला कुणाला तरी दाखवायची होती. आणि कुणाला म्हणजे काय... बाबांना.

बाबा म्हणजे भालचंद्र रणदिवे, केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त, स्टाफ कार शाखेचे प्रमुख. म्हणजे साहेबलोकांना नेणाऱ्या-आणणाऱ्या सरकारी गाड्या आणि त्यांचे ड्रायव्हर यांच्यावर तीस वर्षं राज्य केलेला माणूस. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. निवृत्तीच्या समारंभात एक जुना ड्रायव्हर भाषणात म्हणाला होता, 'साहब के राज में कोई नया ड्राइवर पचास के ऊपर नहीं गया', आणि मागच्या रांगेतले सगळे ड्रायव्हर एकमेकांना कोपरं मारून हसले होते. का हसले ते तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, कौतुक.

शाळा सुरू झाल्यावर बाबा पहिल्याच आठवड्यात म्हणाले, 'फळा कुठल्या भिंतीला लावलास?' मी म्हटलं, 'समोरच्या.' 'अगं, समोरची म्हणजे कुठली? उजेड मुलांच्या डाव्या हातानं यायला हवा. उजवीकडून आला तर लिहिताना हाताची सावली अक्षरावर पडते. मी बघतो येऊन.' बघतो येऊन. झालं. तेव्हापासून दर शनिवारी बाबा खडूंचा खोका मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसायचे, फळा बघायला, आणि दर शनिवारी तिसऱ्या वळणावर गाडी बंद. हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, मग उलटी गाडी खाली. बाबांना चालत नेऊ म्हटलं तर त्यांचं हृदय डॉक्टरांच्या ताब्यात. 'सपाटीवर हवं तेवढं फिरा भाऊसाहेब, चढ नको.' बघा म्हणजे. गाडीची आणि मालकाची तक्रार एकच.

मग सुरू झाले मिस्त्री.

पहिला आमच्या घराजवळच्या पाच नंबर मार्केटचा. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, 'कचरा है, मॅडमजी.' पेट्रोलचा फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर सोडवून धुतला, परत बसवला. मग बॉनेटमध्ये हात घालून ॲक्सिलरेटरची तार बोटानं ओढली. इंजिन असं गरजलं की शेजारच्या हलवायाच्या दुकानातला माणूस बाहेर आला. 'सुनो आवाज़. शेर है शेर.' मार्केटच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली. शेर धावला. शनिवारी तिसऱ्या वळणावर शेर बसला.

दुसरा करोल बागेतला, मोठं नाव असलेला. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी माझ्या चपलांकडे पाहिलं. 'आप क्लच पे पैर रखके चलाती होंगी. लेडीज़ रखती हैं.' मी म्हटलं, 'भाईसाहब, मी चालवते तेव्हा एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा जमिनीवर असतो.' म्हणजे हिंदीत म्हटलं. तो म्हणाला, 'यही तो,' आणि क्लचप्लेट बदलली. तिसऱ्यानं सायलेन्सर काढून काठीनं ठोकला, त्यातून एवढी काजळी निघाली की आई म्हणाली, डोळ्यांत घालायला पुरेल. चौथ्यानं इंजिनातल्या ठिणगीची वेळ मागे-पुढे केली. प्रत्येकजण शेवटी तेच करायचा, बॉनेटमध्ये हात, तार ओढायची, गर्जना, शेर. चढावर चला म्हटलं की सगळ्यांना काम आठवायचं. 'वहाँ तो ट्रक जाते हैं जी.'

आणि या सगळ्यात बाबा काय करत होते? फाईल.

हो. गाडीची फाईल. खाकी पुठ्ठा, दोरी, वर त्यांच्या अक्षरात 'वाहन'. आयुष्यभर कचेरीत इंग्रजीत टिपणं लिहिलेला माणूस, घरची फाईल मात्र शुद्ध मराठीत. मिस्त्री आला की बाबा खुर्ची टाकून बसणार आणि लिहिणार. 'सायलेन्सर उतरविला. काजळी विपुल. परिणाम शून्य.' मी गाडीखाली वाकलेली, हाताला ग्रीस, डोक्यात संताप, आणि वरून शांत आवाज, 'वृंदा, आधी फाईल वाच.'

मला त्या शब्दाचीच चीड होती हो. फाईल. या देशातली प्रत्येक चांगली गोष्ट फाईलमध्ये जाऊन मेली आहे असं माझं तेव्हा मत होतं. खाणीत पिण्याच्या पाण्याचा नळ पाहिजे, फाईल. धूळ छातीत जाऊन माणसं चाळिशीत खोकून मरतात, फाईल. मी सहा कचेऱ्यांत सहा फायली फिरवत होते, आणि घरी आले की सातवी. म्हणायची मी, 'बाबा, गाडी पान्यानं दुरुस्त होते, टिपणानं नाही.' ते म्हणायचे, 'पहिल्या पानापासून वाचावं. शेवटचं पान बघून निर्णय घेणारे लोक मी तीस वर्षं पाहिले.' एकदा त्यांच्या समाधानासाठी मी उघडली फाईल. शेवटचं पान पाहिलं. 'क्लचप्लेट नवीन. परिणाम शून्य.' मिटली. वाचली म्हणून सांगितलं.

बरं, गाडीपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पुढे पुढे त्यांचं सगळंच फाईलमध्ये जायला लागलं. आई, म्हणजे कुमुद रणदिवे, पोळ्या लाटता लाटता विचारायची, 'अहो, सकाळची गोळी घेतलीत का?' बाबा म्हणणार, 'फाईलमध्ये आहे.' मग माझ्या मोठ्या बहिणीचं काढायची, 'अलकाच्या मुलाची मुंज कधी म्हणाले?' 'फाईलमध्ये आहे.' आई चिडून पोळपाटावर लाटणं आपटायची आणि पोळपाट डगमगायचा, कारण आमच्या पोळपाटाला तीनऐवजी दोनच पाय होते. तिसरा कधीतरी नाहीसा झाला. कामवालीनं तोडला म्हणून आईनं दोन कामवाल्या बदलल्या. खाली पुठ्ठ्याची घडी घालून लाटायची, त्यामुळे आमच्या घरची पोळी एका बाजूला कायम जाड. बाबा ती जाड बाजू आधी खायचे. आठ वर्षं, एक अक्षर न बोलता. मला तेव्हा वाटायचं, काय सोशिक माणूस आहे.

आणि कधी कधी दुपारी ते स्वतःच फाईल घेऊन बसायचे. चष्मा लावायचे, दोरी सोडायचे, पहिलं पान काढायचे... आणि जरा वेळानं मान वर करून माझ्याकडे बघायचे. 'मी काय शोधत होतो गं?' मी म्हणायची, 'बाबा, काम करू द्या.' हसायचीसुद्धा. ते पण हसायचे. 'बरं. तूच वाच मग सावकाश. आधी फाईल वाच.'

सूर्यकांतकाकांचीही मदत झाली म्हणायची. ते बाबांचे मित्र, सगळा जन्म दिल्लीत गेला, तरी महिन्यातून एकदा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्राच्या अतिथिगृहात जाऊन मराठी जेवण जेवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. ते गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, 'भाऊसाहेब, मी निदान सांगू? आपली माणसं डोंगरात कधी हरली नाहीत, हरली ती सपाटीवर. ही सपाटीवर पळते आणि डोंगरात हरते. ही गाडी मराठी नव्हेच.' बाबांनी तेही लिहून घेतलं. 'श्री. सूर्यकांत यांचे मत : मूळ तपासावे.'

आता धरमकाट्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चढाच्या पायथ्याशी ट्रकचं वजन करायचा काटा आहे. रस्त्यात लोखंडी फलाट, त्यावर ट्रक उभा राहतो, बाजूच्या खोलीत आकडा दिसतो, आणि तिथला रामफल खिडकीतून डोकं काढून तो आकडा ओरडून सांगतो. वरच्या मजुरानं दिवसभर फोडलेल्या दगडाचा आकडा ठेकेदाराच्या माणसाला सांगतो तसाच. हरयाणवी माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज असा की सुरुंगासाठी वेगळा भोंगा नको. एका शनिवारी गाडी तिसऱ्या वळणावरून उलटी खाली आली, फलाटावर थांबली आणि रामफल सवयीनं ओरडला, 'सात सौ अस्सी.' बाबांचे डोळे चमकले. ते खाली उतरले, दहा पावलं लांब जाऊन उभे राहिले. 'अब देखना भाई.' रामफल म्हणाला, 'सात सौ दस.' बाबांनी तिथंच बॉनेटवर फाईल ठेवून लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं. 'दोष सापडला. सत्तर किलो. अस्मादिक.'

हसले स्वतःच. आणि म्हणाले, 'तू हो पुढे. मी उतरलो की चढते की नाही बघ.' चढली. रडत, कण्हत, पहिल्या गिअरमध्ये, पण मी एकटी असले की चढायची. मग ते ठरूनच गेलं. शनिवारी बाबा माझ्याबरोबर निघायचे, काट्यावर उतरायचे, खडूंचा खोका माझ्या शेजारी त्यांच्या जागेवर ठेवायचे, रामफलच्या मोढ्यावर, म्हणजे वेताच्या बैठ्या स्टुलावर, बसायचे आणि मी परत येईपर्यंत त्याच्याशी गप्पा. मी वरून आले की पहिला प्रश्न, 'उजेड कुठून येतो?' मी म्हणायची, 'येतो हो कुठून तरी, दुपारी शाळा भरते, सगळीकडून येतो.' घाईत असायची मी. मला संध्याकाळी पाण्याच्या नळाचा अर्ज घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहायचं असायचं.

तुम्ही विचाराल, दुसरी गाडी नव्हती का? होती ना. ठेकेदाराची जीप. तिथंच काट्याशेजारी उभी असायची, आणि ठेकेदार स्वतः म्हणाला होता, 'बहनजी, पिताजी को मैं छोड़ आता हूँ, चार मिनट का रास्ता है.' चार मिनिटं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, ज्या माणसाविरुद्ध मी मजुरीचे अर्ज लिहिते त्याच्या जीपमध्ये माझे वडील बसणार नाहीत. तत्त्व म्हणजे तत्त्व. बाबांना विचारलंसुद्धा नाही. ते मोढ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, 'बरोबर आहे तिचं. सरकारी नोकरीत मी कुणाच्या वाहनातून फुकट गेलो नाही, आता काय जायचं.' पण बोलताना बघत होते जीपकडे. ते मला आत्ता दिसतं. तेव्हा मला फक्त तत्त्व दिसत होतं. सव्वीस वर्षांच्या माणसाला दुसरं काय दिसतं?

मी म्हटलं, 'बाबा, गाडी दुरुस्त होऊ दे. पुढच्या शनिवारी आपल्या गाडीनं, आपल्या जोरावर वर जाऊ.' ते म्हणाले, 'होईल. कारण सापडायला पाहिजे फक्त. तू एकदा आधी फाईल वाच.'

पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा शनिवार... पावणेदोन वर्षं झाली. मग एका मंगळवारी सकाळी आईनं त्यांच्या आंघोळीचं पाणी काढलं, हाक मारली, आणि ते आले नाहीत. आरामखुर्चीतच होते. चष्मा कपाळावर. हृदयाचं होतंच, डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. डॉक्टरांना कसं कळतं कुणास ठाऊक.

दिवस झाले. अलकाताई नागपूरहून आली, गेली. गाडी फाटकात उभी, तिच्यावर कडुनिंबाची पानं. मी दीड महिना बसनं खाणीत जात होते. मग कुणीतरी म्हणालं, गाडी अजून भाऊसाहेबांच्या नावावर आहे, तुझ्या नावावर करून घे. गेले परिवहन कचेरीत. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, 'गाड़ी के ओरिजिनल काग़ज़ लाइए.' कागद कुठं? आई आतून म्हणाली, 'फाईलमध्ये असतील.'

आणि तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी पहिल्यांदा ती फाईल पहिल्या पानापासून उघडली. वाचायला नव्हे हं. कागद शोधायला.

पहिलं पान. अकरा जून सत्त्याऐंशी. अक्षर कसं, मोत्याचं. 'चि. वृंदा आजपासून गाडी चालवू लागली. हात चांगला. पाय घाईचा. शाखेतील पद्धतीप्रमाणे ॲक्सिलरेटरखाली लाकडी ठोकळा बसविला आहे, उंची सव्वा इंच. तिला सांगू नये, चिडेल. पाय शांत झाला की काढणे. दर सहा महिन्यांनी आढावा घेणे.'

शाखेतील पद्धत. कळलं आता ते ड्रायव्हर का हसले होते? नवा ड्रायव्हर आला की साहेब त्याच्या पॅडलखाली ठोकळा ठोकायचे. पाय कितीही दाबा, पॅडल अर्ध्यावर थांबणार, गाडी पन्नासच्या वर जाणार नाही. वर रबरी चटई. मिस्त्री बॉनेटमध्ये तार हातानं ओढणार, तिथं ठोकळा कुठून येणार? तिथं शेरच. आणि आमच्या गाडीत तर रबरी चटईवर काथ्याची चटई आणि तिच्यावर आईच्या जुन्या सतरंजीचा तुकडा, बाबांनी स्वतः कडेनं शिवलेला. मिस्त्री आला की आधी त्याला सांगायचे, 'पैर पोंछ के बैठना भाई, चटाई मत हिलाना.' कुणी हलवली नाही.

खाली आढावे. 'डिसेंबर ८७. आढावा घेतला. अजून नाही.' 'जून ८८. अजून नाही. आज बसच्या पुढे गाडी काढली.' 'डिसेंबर ८८. सुधारणा आहे. तरी नाही.' असं दर सहा महिन्यांनी, एकही चुकवला नाही. मी त्या वर्षांत कॉलेजात क्रांती करत होते आणि माझा पाय घरी दर सहा महिन्यांनी तपासला जात होता. मग, 'जून ९१. पाय शांत झाला आहे. ठोकळा काढण्यास हरकत नाही. पुढच्या रविवारी काढतो.'

आणि पुढे काही नाही.

त्यापुढे अर्धं पान कोरं. मंजुरी झाली, अंमलबजावणी राहिली. सरकारी फाईलचं होतं तसंच झालं, असं म्हणून मी हसणार होते, खरंच, हसू अर्ध्यावर आलं होतं... मग पुढचं पान उलटलं. दोन वर्षांनंतरची तारीख, अक्षर ओळीवरून घसरलेलं. 'गाडी चढावर ओढत नाही. कारण शोधणे.' त्याच्याखाली, 'कारण मला माहीत आहे असे वाटते. आठवत नाही.' त्याच्याखाली, 'वृंदाला फाईल वाचायला सांगणे.' पुढच्या पानावर पुन्हा, 'वृंदाला फाईल वाचायला सांगणे.' पुन्हा. अधूनमधून सायलेन्सर, क्लचप्लेट, गोळी सकाळी घेतली, मुंज बारा मे रोजी, आणि पुन्हा तेच.

म्हणजे तो माणूस मला शिस्त शिकवत नव्हता. मदत मागत होता. घरातलं एकेक नाव, एकेक तारीख हातातून निसटत होती आणि त्यानं ती घट्ट धरायला एक खाकी पुठ्ठा घेतला होता, आणि मी... मी पाण्याच्या नळासाठी अनोळखी माणसांच्या फायली रात्र रात्र वाचल्या, शब्द न् शब्द. घरातली सातवी पातळ होती. अर्धा तास लागला असता. खरं तर पहिलं पान, दोन मिनिटं. ठेकेदाराच्या जीपपेक्षाही कमी.

उठले, स्क्रू-ड्रायव्हर घेतला, गाडीत जाऊन सतरंजी उचलली, काथ्या उचलला, रबर उचललं. होता. दोन स्क्रूंनी बसवलेला, व्यवस्थित, कडा घासलेल्या, माझ्या चपलेला लागू नये म्हणून. गोल. वर निमुळता. सागवानी. हातात घेतला आणि ओळखलाच.

आईकडे नेला. ती पोळ्यांची कणीक मळत होती. तिनं ठोकळा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, कणकेचे हात न धुता पोळपाट उलटा केला आणि तिसऱ्या खळग्यात तो ठेवून पाहिला. चपखल. मग म्हणाली, 'दोन बायकांना काढलं गं मी याच्यापायी.' आणि मग, 'विचारलं असतं तर दुसरं लाकूड दिलं नसतं का मी?' पोळपाट सरळ करून तिनं एक पोळी लाटली. सगळीकडून सारखी झाली. ती पोळी आमच्यापैकी कुणीच खाल्ली नाही.

शनिवारी निघाले. आईला म्हटलं, चल. म्हणाली, 'आज नको. आज तू जा.' खडूंचा खोका शेजारच्या जागेवर. आणि काय सांगू, गाडी म्हणजे... आठ वर्षं मी या गाडीला ओळखतच नव्हते. पाय ठेवला की पुढे, ठेवला की पुढे, रेल्वेच्या पुलावर तोच घंटीवाला, तो मागे राहिला, खूप मागे, आणि मला एकदम धडकी भरली म्हणून मी पाय उचलला. चाळीस. बाबांचा वेग. खाणीपर्यंत चाळीस.

वाटेत ठरवत होते, आज कुठं थांबायचं नाही. सरळ वर. पहिलं वळण, दुसरं, तिसरं, वर जाऊन फळा बघायचा, उजेड कुठल्या हातानं येतो ते एकदा उभं राहून बघायचं, आणि चुकीच्या भिंतीवर असेल तर आजच्या आज काढून दुसरीकडे लावायचा. आहेच तो चुकीच्या भिंतीवर, मला माहीत आहे, पावणेदोन वर्षं मुलांच्या अक्षरावर त्यांच्याच हाताची सावली पडते आहे आणि मी त्यांना म्हणते, नीट लिहा.

पण पायाचं काय करणार? चढ सुरू व्हायच्या आधी माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी फलाटावर थांबली. मी डावीकडे बघितलं, त्यांनी दार उघडायची वाट बघत. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मोढा खोलीच्या सावलीत होता, रिकामा, कुणी बसू नये म्हणून त्यावर रामफलनं आपला गमछा घडी करून ठेवला होता. त्याला कळलं होतं सगळं, लतिकानं सांगितलं होतं.

त्यानं खिडकीतून डोकं काढलं. माझ्याकडे पाहिलं, बाजूच्या जागेकडे पाहिलं, मग सवयीनं आत आकड्याकडे पाहिलं. या वेळी ओरडला नाही.

'सात सौ दस,' तो म्हणाला. 'सत्तर कम सै, बेटी. जा, आज तो चढ़ ज्यागी.'